भूमिपूजनाच्या आधी, लोकार्पणानंतर

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सरकारी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दोन पाट्या दिसतात. एकीवर भूमिपूजनाची तारीख, दुसरीवर लोकार्पणाची. कामाची बातमी पहिल्या पानावर येते तीही याच दोन दिवशी. पण ज्या कामांवर माणसांची घरं, पाणी आणि शेती अवलंबून असते, त्यांचं बरंवाईट बहुतेक वेळा पहिल्या पाटीच्या आधी ठरतं आणि दुसऱ्या पाटीनंतर कळतं. लातूर आणि नांदेड या शेजारी जिल्ह्यांनी गेल्या तीसेक वर्षांत हे फार जवळून पाहिलं आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

प्रकल्प म्हणजे ठरावीक मुदतीत आणि ठरावीक पैशात एखादी गोष्ट उभी करून संपणारं काम. शहराला रोज पाणी सोडणं हा प्रकल्प नव्हे. त्यासाठी नवी जलवाहिनी टाकणं हा प्रकल्प. त्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि मधले टप्पे असतात. जागतिक बँकेतले अधिकारी वॉरन बॉम यांनी १९७० च्या दशकात या टप्प्यांची मांडणी केली: गरज ओळखणं, आराखडा तयार करणं, तो तपासून घेणं, मंजुरी, अंमलबजावणी आणि शेवटी मूल्यमापन. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने पुढे प्रारंभ, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि समाप्ती अशी विभागणी रूढ केली. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या शाखा अभियंत्याला ही पुस्तकं माहीत नसली तरी वाट पाठ असते. मागणी, स्थळपाहणी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, देयकं, पूर्णत्वाचा दाखला आणि त्यानंतर ठेकेदाराच्या मानेवर राहणारा दोषदायित्व कालावधी. फाइल या क्रमाने सरकली म्हणजे प्रकल्प नीट चालला असं नाही. प्रत्येक टप्प्यावर निर्णय कोणी घेतला आणि कोणाला विचारून घेतला, यावर पुढचं सगळं उभं राहतं. किल्लारीच्या पुनर्वसनाइतकं हे स्पष्ट दाखवणारं उदाहरण देशात विरळच.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात आणि त्यांतल्या कित्येकांत एकही माणूस दगावत नाही. औसा तालुक्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण घरात होतं.

या भागातलं जुनं घर माळवदाचं. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. पण दरवर्षी गळती थांबवायला थोडी माती चढवली जायची आणि छताचं ओझं पिढ्यान् पिढ्या वाढत जायचं. भिंती दगडमातीच्या, दीड-दोन हात जाड. बाहेरून भक्कम दिसणारी ही भिंत खरं तर दोन पातळ भिंतींची असते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दगड रचायचे आणि मधली पोकळी चिपा-मातीने भरायची. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नसत. हादरा बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला होता.

लातूरचे जिल्हाधिकारी तेव्हा प्रवीण परदेशी होते, मुख्यमंत्री शरद पवार. मदतकार्य ओसरायच्या आतच पुनर्वसनाची आखणी सुरू झाली. पहिला टप्पा पाहणीचा. गावोगावच्या नुकसानीनुसार तीन वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्गातली ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवायची. ‘ब’ वर्गातल्या गावांतली घरं आहे त्या ठिकाणी पुन्हा बांधायची. ‘क’ वर्गात घरं दुरुस्त आणि मजबूत करायची; हा वर्ग सर्वांत मोठा, तेरा जिल्ह्यांत पसरलेला, जवळपास दोन लाख घरांचा. जागतिक बँकेने १९९४ मध्ये २४ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि स्वतंत्र व्यवस्थापन कक्ष स्थापन झाला. काम १९९८ च्या अखेरीपर्यंत चाललं.

एकच प्रकल्प, एकच पैसा, एकच सरकार. तरी ‘अ’ आणि ‘क’ या दोन वर्गांचं आयुष्य निराळं झालं.

‘अ’ वर्गात लोकांना घर बांधून मिळणार होतं. जमीन नसलेल्या किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट, असं सूत्र ठरलं. घाईत सूत्र लागतंच. पण या सूत्राने जुन्या गावातली विषमता नव्या गावाच्या नकाशावर सिमेंटमध्ये ओतली, हेही खरं. ज्याच्याकडे कमी होतं त्याला कमीच मिळालं. नकाशे शहरी पद्धतीने काढले गेले. सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आणि ओळीने उभी घरं. जुन्या गावात गल्ली वळली की भावकी बदलायची. दारापुढच्या ओट्यावर सगळं गाव बसायचं. नवी गावं जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी पट पसरली. अनेक देणगीदार संस्थांनी मनापासून घरं बांधून दिली. पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, चूल कुठे मांडायची, हे प्रश्न आराखडा मंजूर झाल्यावर, किल्ल्या हातात पडल्यावर विचारले गेले.

लोकांनी उत्तरं आपापल्या परीने शोधली. पुढेमागे पत्र्याची शेड आली, कुडाच्या भिंती आल्या. काही घरांना जुन्या वाड्यांच्या ढिगाऱ्यातून वाचवून आणलेल्या नक्षीदार चौकटी आणि दारं बसली. काँक्रीटच्या खोलीला सागवानी कोरीव दार, हे दृश्य या गावांत अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. घरमालकाला आराखड्यात जागा मिळाली नाही. ती त्याने काम संपल्यावर स्वतः करून घेतली.

‘क’ वर्गाची सुरुवात याहून वाईट होती. दुरुस्ती नकोच, आमचंही गाव ‘अ’ वर्गात घाला, अशी मागणी गावोगाव झाली. ज्या दगडी भिंतीखाली माणसं गेली त्याच भिंतीला डागडुजी करून तिच्याखाली पुन्हा निजायचं, ही कल्पनाच लोकांना सहन होईना. त्यांचं चुकत नव्हतं. भिंत कशामुळे पडली आणि ती पडू नये म्हणून काय करता येतं, हे कोणी त्यांना समजेल असं सांगितलंच नव्हतं. त्यामुळे काम बराच काळ रेंगाळलं.

मग पद्धत बदलली. बांधकाम ठेकेदाराकडे न देता घरमालकाकडे देण्यात आलं. पैसे हप्त्यांनी, एका टप्प्याचं काम कनिष्ठ अभियंत्याने पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. गावात आधी काही घरं नमुन्यादाखल मजबूत करून दाखवली गेली. आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. सुमारे १,२०० गावांत हे काम झालं. हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागतं, अभियंता का आला नाही, गवंडी काय चुकवतो, याची चर्चा चावडीवरून घराच्या अंगणात आली. ज्या बायकांना तोवर बांधकामातलं कोणी काही विचारत नव्हतं, त्या भिंतीत सळई घातली की नाही हे पाहू लागल्या.

भिंत मजबूत करण्याची कृती तशी साधी आहे. आतल्या बाजूचा एखादा दगड हलक्या हाताने काढायचा. मधली चिपा-माती उकरत बाहेरच्या दगडापर्यंत जायचं आणि तोही काढून आरपार भोक करायचं. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड तयार. असे ठरावीक अंतरावर बसवले की भिंतीचे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना पट्टा फिरवायचा, कोपरे बांधायचे आणि माळवदावरची जादा माती उतरवून ओझं कमी करायचं. गावातल्या गवंड्याला हे एकदा नीट दाखवलं की तो करू शकतो, आणि घरच्या बाईला हे एकदा कळलं की ती गवंड्याला चुकू देत नाही. देखरेखीचा इतका स्वस्त आणि चोख मार्ग कोणत्याही निविदेत सापडणार नाही.

लातूरचा दुसरा प्रसंग अगदी कमी आयुष्याच्या प्रकल्पाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराचा पाणीपुरवठा बंद पडायला आला. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. ‘जलदूत’ नावाच्या रेल्वेगाडीने पाणी आणायचं ठरलं. कोट्याच्या कारखान्यात टँकर-वाघिणी वाफेने धुऊन मिरजेला आणल्या गेल्या आणि कृष्णेचं पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली गाडी साधारण ३४० किलोमीटर धावून १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोचली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. आठवड्याभराने पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी आली.

व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘क्रिटिकल पाथ’ नावाची एक पद्धत असते. १९५७ च्या सुमारास ड्युपाँ या अमेरिकी कंपनीत ती आकाराला आली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची अशी साखळी शोधायची की तिच्यातलं एक काम दिवसभर लांबलं तर सगळा प्रकल्प दिवसभर लांबेल. जलदूत गाडीच्या बाबतीत ही साखळी रुळांवर नव्हती. कृष्णेला पाणी होतं, इंजिनं होती, वाघिणी होत्या. अडचण दोन टोकांना होती. मिरजेत गाडी लवकर भरेल अशी नळाची सोय आणि लातुरात ती रिकामी करून पाणी शुद्धीकरणाला नेण्याची सोय. तिथलं काम मार्गी लागलं तेव्हाच गाडी मोठी झाली. ऑगस्टमध्ये पाऊस झाल्यावर ही सेवा थांबली. काम सुरू कधी करायचं हे पुष्कळांना कळतं. ते बंद कधी करायचं हे जलदूतच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं, म्हणून ते नीट संपलं. त्याच उन्हाळ्यात शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून साई ते नागझरी असा मांजरेचा सुमारे अठरा किलोमीटरचा पट्टा रुंद-खोल करायला घेतला. गाडीने त्या वर्षीची तहान भागवली. नदीतलं काम पुढच्या वर्षांसाठी होतं.

नांदेडच्या वाट्याला याच्या उलट पेच आला. तिथे तारीख आधी ठरलेली होती. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला गुरू ग्रंथसाहिबांना गुरुगादी दिली. त्या घटनेची तीनशे वर्षं २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पुरी होत होती आणि देशविदेशांतून लाखो भाविक येणार होते. केंद्राचं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालं आणि त्यात नांदेडचा समावेश झाला. म्हणजे हातात तीन वर्षंही नव्हती. रस्ते, गोदावरीचे घाट, पाणी, भुयारी गटारं, यात्री निवास, विमानतळ अशी कामं एकदम निघाली.

वेळ, पैसा आणि कामाची व्याप्ती या तीन गोष्टींपैकी एक खिळ्याने ठोकली की उरलेल्या दोन हलतात. अटळ तारखेचा मोठा फायदा असा की फायली थांबत नाहीत. एरवी दशकभर रखडली असती अशी कामं नांदेडात त्या तीन वर्षांत उभी राहिली. तोटा असा की त्या दिवशी डोळ्यांना दिसणारी कामं पुढे पळतात आणि नंतरचा खर्च कोण करणार, हा प्रश्न उत्सव उरकल्यावर महापालिकेच्या टेबलावर येतो. विमानतळाचंच पाहा. २००८ मध्ये तो सज्ज झाला, विमानंही आली. २००९ मध्ये तो खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिला गेला. नंतर नियमित प्रवासी सेवा बंद पडली आणि एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू होईपर्यंत शहर वाट पाहत राहिलं. धावपट्टी बांधणं हा प्रकल्प होता आणि तो पुरा झाला. तिच्यावर विमान उतरत राहावं याची तजवीज त्या प्रकल्पात नव्हती.

लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२० ला तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. करोनाचं वर्ष मध्ये असताना पावणेतीन वर्षांत इतका मोठा कारखाना उभा राहिला, हे कौतुकास्पदच. पण त्यात बनवायचं काय आणि कोणी, याचा मोठा करार २०२३ मध्ये झाला. बांधकाम वेळेत झालं आणि पोरांचं नोकरीची वाट पाहणं संपलं नाही, असा अनुभव या भागाने घेतला.

जलसंपदा खात्यात एक शब्द रोज वापरला जातो: सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. काम लांबलं, दर वाढले, व्याप्ती बदलली की सुप्रमा घ्यायची. नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात गोणेगावजवळचा लेंडी प्रकल्प या शब्दाच्या सावलीतच वाढला. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांचा हा आंतरराज्य प्रकल्प ऐंशीच्या दशकात हाती घेतला गेला. मातीचं काम पुढे गेलं, बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन मागे राहिलं. मावेजा, नवी गावठाणं, तिथल्या सोयी यांवर आंदोलनं, बैठका आणि पुन्हा आंदोलनं झाली. ज्या मुलांनी भूमापनाच्या काठ्या पाहिल्या त्यांची मुलं त्याच गावात मोठी झाली. आज ना उद्या उठायचंच म्हणून घराला गिलावा करायचा नाही, आणि उठवत तर कोणी नाही, अशा अवस्थेत माणसांनी आयुष्यं काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव या बुडित क्षेत्रातल्या गावांत पाणी शिरलं आणि माणसं दगावली. स्थलांतर तोवर पुरतं झालेलं नव्हतं. धरणाच्या कामात पुनर्वसन हा शेवटी उरकायचा टप्पा नाही, घळभरणीच्या, म्हणजे नदीचा प्रवाह अडवण्याच्या, आधी संपवायचा टप्पा आहे. हा क्रम उलटला की त्याची भरपाई कोणत्याही सुप्रमेने होत नाही.

आता पुन्हा किल्लारी परिसराकडे. प्रकल्प १९९८ मध्ये कागदावर संपला तेव्हा ‘अ’ वर्गातली नवी गावं ग्रामपंचायतींच्या ताब्यात आली. गाव पसरलं होतं, म्हणजे रस्ते लांबले होते, नळ लांबले होते, दिव्यांचे खांब वाढले होते. ग्रामपंचायतीचं उत्पन्न मात्र जुन्या गावाएवढंच. बांधकामाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक विटेचा हिशेब होता. वीस वर्षांनी नळ फुटला तर काय करायचं, याचा कोणी मांडला नव्हता. ‘क’ वर्गात हस्तांतर नावाचा टप्पाच आला नाही. घर त्याच माणसाचं होतं, दुरुस्ती त्यानेच केली होती, आणि काय घातलंय कुठे हे त्याला ठाऊक होतं.

यातली सर्वांत मोठी शिल्लक माणसांची होती. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या बायकांचे गट प्रकल्पाबरोबर विसर्जित झाले नाहीत. बचत, आरोग्य, पाणी अशा कामांत ते टिकले. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतल्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना स्वतःच्या अनुभवातून सांगितलं: गाव सोडायची घाई करू नका, घर कसं बांधायचं ते शिकून घ्या, हप्त्याचा हिशेब स्वतः ठेवा. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही त्या पोचल्या. गुजरात सरकारने आपल्या पुनर्बांधणीत घरमालकाच्या हाती हप्त्यांनी पैसे, अभियंत्याची तपासणी आणि गवंड्यांना प्रशिक्षण हीच पद्धत मुख्य ठेवली. किल्लारीत जी गोष्ट दीड-दोन वर्षं अडखळल्यावर सापडली, ती कच्छमध्ये आराखड्याच्या पहिल्या पानावर होती, आणि तिथल्या बहुसंख्य गावांनी स्थलांतर नाकारून आपली घरं जुन्या जागीच उभी केली.